मी छापलेली सतरावी ओळ

मी एक जुने छपाईयंत्र आहे. जुने म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या पोटावरची ओतीव पाटी गंजली आहे आणि तिच्यावरचे साल आता मलाच वाचता येत नाही. मला वीज लागत नाही, बटण लागत नाही. खाली एक फळी आहे. ती पायाने दाबली की माझे मोठे चाक फिरते आणि जबडा उघडतो. आत कागद ठेवायचा. जबडा मिटला की छाप उठतो. झाले माझे काम. मित्रांनो, अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने सरळ अशा या यंत्राने एका अख्ख्या बाजाराच्या नाकी नऊ आणले, असे कुणी म्हटले तर तुमचा विश्वास बसेल? माझाही बसला नव्हता. अजूनही मधूनच बसत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, घासले, पुसले आणि पेंढ्यात गुंडाळून मला पेटीत घातले. ज्या छापखान्यात मला आणले त्याचे दार इतके अरुंद होते की चौकट काढावी लागली. चौकट परत बसवताना वाकडी बसली, ती आजही वाकडीच आहे. छापखाना दोघा भावांचा. धाकट्याला सगळे मालक म्हणत. कागद, गिऱ्हाईक आणि माझी फळी त्यांच्याकडे. थोरल्याला सगळे दादा म्हणत. ते जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरे एकेक करून ओळीत जुळवणारे. या अक्षरांना आम्ही खिळे म्हणतो. या दोघांच्या मधली बहीण म्हणजे ताई. तिची पावाची भट्टी शेजारच्याच गाळ्यात. तिची आणि आमची भिंत एक. भट्टी पेटली की माझी पाठ शेकायची आणि ऐन थंडीतही माझ्या रुळांवरची शाई घट्ट होत नसे. शेजार असावा तर असा, असे मला रोज वाटे.

पहिली काही वर्षे मी काय छापले नाही ते विचारा! औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, नाटकाची तिकिटे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, हरवलेल्या पोपटाची जाहिरातसुद्धा. (पोपट सापडला. जाहिरात वाचून नाही, भुकेने परत आला.) माझा छाप स्वच्छ, काना-मात्रा ठसठशीत. लोक कागद उजेडात धरून म्हणत, "व्वा, काय सुरेख उठलंय!" मी मनातून फुशारून जाई. त्या फुशारकीतच मला एक खोड जडली. जे माझ्यातून छापून बाहेर पडते ते खरे असते, असे मला वाटू लागले. पुढे कळले की तसे वाटणारे मी एकटे नव्हते.

आता दादांच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळे घडले ते तिच्यामुळे. जो मजकूर पुन्हा पुन्हा छापायचा असे, त्याचे खिळे दादा मोडत नसत. सुतळीने घट्ट बांधून भिंतीवरच्या फळीवर ठेवत. आणि एखाद्या कामात एखादी ओळ गिऱ्हाइकाकडून यायची राहिली असेल, तर फळीवरच्या कुठल्याही गठ्ठ्यातली ओळ उचलून तिथे नुसती जागा धरायला बसवत. आपण बाकावर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसे. खरी ओळ आली की ही काढायची, ती घालायची. सगळेच जुळारी असे करतात.

एके दिवशी परवाना कचेरीचा शिपाई एक हस्तलिखित घेऊन आला. नमुना बावीस. छोट्या दुकानदारांनी, कारागिरांनी दर वर्षी परवान्यासाठी भरायचा अर्ज. एकूण चोवीस प्रश्न. सोळापर्यंत सगळे शाईने लिहिलेले, मग सतरा हा आकडा आणि त्यापुढे पेन्सिलीने, "मागाहून कळवू." पुढे अठरापासून पुन्हा शाईने. सरकारी काम मिळाले म्हणून मालकांना आनंदाचे भरते आले होते. दादांनी शांतपणे सगळे जुळवले आणि सतराव्या जागी फळीवरच्या एका गठ्ठ्यातली ओळ बसवली. तो गठ्ठा होता कुत्रे पाळणाऱ्यांच्या अर्जाचा. ओळ होती: "कुत्र्यास लस टोचल्याचा दाखला जोडला आहे काय?"

कच्चा छाप कचेरीत गेला. त्याच संध्याकाळी दादांना ताप भरला आणि ते आठवडाभर अंथरुणाला खिळले. चार दिवसांनी छाप परत आला. त्यावर लाल शाईत एकच शब्द होता, "मान्य", आणि खाली झोकदार सही. सतराव्याबद्दल चकार शब्द नाही. मालकांना पेन्सिलीच्या त्या टिपणाबद्दल काही ठाऊक नव्हते. मान्य म्हणजे मान्य! त्यांनी खिळ्यांची चौकट माझ्यात चढवली आणि फळीवर पाय ठेवला. दादा बरे होऊन आले तोवर गठ्ठे कचेरीत पोहोचले होते आणि खिळे सुतळीत बांधले गेले होते. दादा ते विसरून गेले. मला तर काही वाटायचे कारणच नव्हते. ओळ सरळ होती, छाप स्वच्छ होता.

त्यानंतर दर वर्षी नमुना बावीस माझ्याकडे येऊ लागला. हळूहळू त्याला पुरवणी अ जोडली गेली, मग ब, मग क. दोन पानांची सहा पाने झाली, सहाची नऊ. मालक म्हणत, "हा कागद आहे म्हणून आपण आहोत." खोटे कशाला सांगू, मीही खूश होते. चाक फिरते आहे, रूळ ओले आहेत, यंत्राला आणखी काय हवे असते? तो कागद पुढे कुणाच्या हातात जातो आणि तिथे काय करतो, हे मी कधी मनातसुद्धा आणले नाही. अशी अकरा वर्षे गेली.

मग ती सकाळ उजाडली. मला आधी कळले ते पाठीवरून. भिंत गार होती. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी ती भिंत कधी गार पडली नव्हती. मी विचारात होते, तोच ताई दारात येऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत स्वच्छ होते. सकाळी दहा वाजता ताईचे हात पिठाशिवाय मी प्रथमच पाहिले.

"ताई, भट्टी का पेटवली नाहीस?" मालकांनी विचारले.

"सील ठोकलंय तिला. परवान्याचं नूतनीकरण अडलं."

"कशावरून?"

"कुत्र्यावरून."

"कुठल्या कुत्र्यावरून?"

"माझ्याकडे नसलेल्या."

मालकांना वाटले, ती थट्टा करते आहे. ते हसायला लागले आणि तिचा चेहरा पाहून मधेच थांबले. ताई कागदाच्या रिमावर बसली आणि तिने सगळे सांगितले. मित्रांनो, ते ऐकताना माझे लोखंड आतून थंड पडत गेले.

पहिली काही वर्षे लोक त्या प्रश्नापुढे "लागू नाही" असे लिहीत आणि खिडकीतले कारकून पुढे सरकत. मग नवे कारकून आले. ते म्हणाले, "लागू नाही हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?" तेव्हापासून कुत्रा नसल्याचा दाखला आणावा लागू लागला. तो देणार पशुविभागाचा तपासनीस. त्याने दुकानात यायचे, सगळे कोपरे बघायचे, कुत्रा नाही अशी खात्री करून घ्यायची आणि मग सही करायची. अख्ख्या गावाला तपासनीस एकच. त्याची पाळी यायला आठ-आठ महिने लागत.

"मग लोकांनी काय केलं, सांगू?" ताई म्हणाली. "कुत्री आणली. असलेल्या कुत्र्याला लस टोचून दाखला आणायला एक सकाळ पुरते. बटणवाल्याकडे कुत्रा, न्हाव्याकडे कुत्रा, सायकलवाल्याकडे कुत्रा. आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यात मिळून गल्लीतला तो पांढरा कुत्रा, साहेब नावाचा. त्याला गेल्या वर्षी सात दुकानांच्या नावानं सात वेळा सुई टोचली. आता पांढरा डगला दिसला की तो नाल्यात उडी मारतो."

"मग तूही घ्यायचास की एक," मालक म्हणाले.

"घेतला होता ना! साहेबालाच एका सकाळपुरता मागून आणला. तर त्याच सकाळी अन्नखात्याचे लोक तपासायला आले. जिथं खायचं बनतं तिथं जनावर कसं, म्हणून मला नोटीस. आता बघ, कुत्रा बांधला तर अन्नवाले बंद करणार, नाही बांधला तर परवानावाले. दाखल्यासाठी रांगेत आहे मी, दोनशे दहावी. आणि महिन्याभरात नूतनीकरण झालं नाही तर परवाना रद्द. नवा मागावा तर या गल्लीत नव्या भट्टीला परवानगीच नाही. म्हणजे संपलं. आईनं स्वतः विटा रचून बांधलेली भट्टी, ती माझ्या हातून संपली." इतका वेळ ती चांगली खणखणीत बोलत होती. आता तिने तोंडाला पदर लावला.

दादा इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले. "तो अर्ज बघू," ते म्हणाले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, कागद खिडकीशी नेला आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवले. बोट तिथेच राहिले. मग त्यांनी फळीवरचा धुळीने माखलेला एक गठ्ठा उतरवला, सुतळी सोडली. कुत्रे पाळणाऱ्यांच्या अर्जात एक ओळ कमी होती. दादांनी अर्ज पुन्हा भिंगाखाली धरला.

"या 'त्र'चा पाय तुटका आहे," ते म्हणाले. "हा खिळा आपला आहे. ही ओळ मीच बसवली होती. जागा धरायला."

मी दुसऱ्याच क्षणी ओळखले. तुटक्या पायाचा तो 'त्र' मी अकरा वर्षे दर छापाला चाटला होता. म्हणजे सील ठोकणारा हात कुणाचाही असो, हुकूम माझ्या जबड्यातून गेला होता! ज्या भिंतीने मला ऊब दिली, तिच्यापलीकडची आग मीच विझवली होती.

ताई भावाकडे वळली. मला वाटले आता ती आकाशपाताळ एक करणार. ती म्हणाली, "अकरा वर्षं, दादा? आणि एकानंही विचारलं नाही, की पाव भाजायला कुत्रा कशाला? मीसुद्धा नाही विचारलं रे!"

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ कचेरीत गेले. मी तर जागचे हलू शकत नाही. मालकांनी परत येऊन जे सांगितले तेच सांगते. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "चूक असती तर छापली असती का?"

"साहेब, छापणारे आम्हीच," मालक म्हणाले.

"मग तुम्हाला तरी माहीत असायला हवं, छापलेलं बरोबरच असतं. आणि या प्रश्नासाठी इथं वेगळं टेबल आहे. दोन माणसं बसतात त्यावर. चूक असती तर दोन माणसं दिली असती का?"

दुरुस्ती हवी असेल तर नमुना एकेचाळीस भरा, असे साहेब म्हणाले. तो शिल्लक नव्हता. छापायला द्यायचा होता. कुणाकडे? आमच्याकडेच! कधी? दुरुस्तीची मागणी आल्यावर. आणि मागणी करायची कशावर? नमुना एकेचाळीसवर. शिवाय मागणी करणाऱ्या छापखान्याचा परवाना चालू हवा, आणि त्यासाठी नमुना बावीस भरलेला हवा. "आपल्या अर्जात सतराव्याला काय लिहिलं होतं रे?" दादांनी वाटेत विचारले. मालकांची मान खाली गेली. गठ्ठे न्यायला येणारा शिपाईच दर वर्षी आमचा अर्ज भरून न्यायचा, मालक फक्त सही करायचे. जो कागद त्यांनी स्वतःच्या पायाने फळी दाबून हजारोंनी छापला, तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. हसावे की रडावे, मला कळेना.

त्याच आठवड्यात पुढच्या गठ्ठ्यांची मागणी आली. दादांनी नमुना बावीसची चौकट टेबलावर घेतली, चावीने सैल केली आणि चिमट्याने ती ओळ उपसून काढली. तिच्या जागी शिशाच्या कोऱ्या पट्ट्या बसवल्या. सोळा, मग रिकामे, मग अठरा.

"दादा, हे काम हातचं जाईल," मालक म्हणाले. "परवानाही जाईल."

"जाऊ दे."

"आणि खाणार काय?"

"तिचा पाव खात होतो ना इतकी वर्षं?" दादा म्हणाले आणि त्यांनी चौकट आवळली.

मालकांनी फळीवर पाय ठेवला खरा, पण तो दाबायला त्यांना वेळ लागला. मला तर आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटत होती. मी कधीच काही गाळले नव्हते. पण छापले. पाच हजार छापले.

कचेरीत कुणाच्याही ते लक्षात आले नाही. मित्रांनो, कुणाच्याही! ताई नवा अर्ज भरून खिडकीशी गेली. कारकून एकेका ओळीवर बोट फिरवत निघाला. सोळाव्यावरून बोट खाली आले आणि थांबले.

"इथं काही नाही का?" त्याने विचारले.

"काही नाही," ताई म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

एवढ्यावर भागले! आठ महिन्यांची रांग, गार पडलेली भट्टी, नाल्यात उड्या मारणारा तो बिचारा साहेब, आणि सुटका कशाने, तर एका "बरं"ने. महिना भरायला तीन दिवस उरले असताना सील निघाले. माझी पाठ पुन्हा शेकू लागली, पण मला आनंदापेक्षा धक्काच अधिक बसला होता. जी ओळ इतक्या सहज जाऊ शकते, ती इतकी वर्षे इतकी जड कशी झाली होती?

पंधरा दिवसांनी कचेरीचे पत्र आले. मालकांनी ते उघडले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. लिहिले होते: "नमुना बावीसमध्ये अनुक्रमांक सतरापुढे मजकूर आढळत नाही. संबंधित टेबलावरील कर्मचारी कामाविना बसून आहेत. तरी सदर जागी योग्य तो मजकूर घालून कच्चा छाप मंजुरीसाठी त्वरित पाठवावा." योग्य तो मजकूर! कोणता, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. आम्हालाच विचारत होते. म्हणजे आणखी एका माणसाची भट्टी, कात्री किंवा पाना आमच्या हवाली केला होता.

तिन्ही भावंडे त्या पत्राभोवती बसली. मालक म्हणाले, अठराला सतरा करून टाकू, आकडे वर सरकवू. दादा म्हणाले, आकडे बदलायलाही मंजुरी लागेल आणि ती मागायला एकेचाळीस नंबरच लागेल. ताईने पेन्सिल उचलली. "त्यांना प्रश्नच हवाय ना? मग देऊ या," ती म्हणाली आणि पत्राच्या पाठीवर लिहिले: "या अर्जातील कोणता प्रश्न आपणास अनावश्यक वाटतो व का?"

मालकांनी डोळे विस्फारले. दादांनी मात्र लगेच खिळे जुळवायला घेतले. कच्चा छाप गेला आणि चार दिवसांनी परत आला. लाल शाईत एकच शब्द, झोकदार सही. मान्य!

त्या वर्षीचे अर्ज भरून गेले. नंतर काही महिने काहीच ऐकू आले नाही. मग एके दुपारी छापखान्याच्या वाकड्या चौकटीतून एक बाई आत आल्या. मागे शिपाई, त्याच्या दोन्ही काखांत गठ्ठे. त्या परवाना कचेरीत नव्याने बदलून आलेल्या अधिकारी होत्या.

"सतरावा प्रश्न कुणी घातला?" त्यांनी विचारले.

मालकांचे धाबे दणाणले. दादा पुढे झाले. "मी जुळवला."

"आणि त्याआधीचा? कुत्र्याचा?"

"तोही मीच. चुकून."

बाई त्याच रिमावर बसल्या जिथे ताई बसली होती. त्यांनी गठ्ठा सोडून अर्ज दाखवायला सुरुवात केली. टेबलावरच्या त्या दोघांना काम हवे होते म्हणून त्यांनी उत्तरे नीट मोजली होती. घड्याळवाल्या आजोबांनी लिहिले होते, "दुकान उघडायला वेळ मिळत नाही, तो अर्ज भरण्यात जातो." बटणवाल्याने लिहिले होते, "सतरावा सोडून सगळे." एकाने तीन कागद जोडले होते. ताईने लिहिले होते, "बाकी काहीही काढा, नववा ठेवा. तो धुराड्याचा आहे. त्याच्यामुळे मी दर वर्षी धुराडं साफ करते, नाहीतर कधीच गल्लीसकट जळालो असतो."

"मी खाली जाऊन विचारलं, या प्रश्नांची उत्तरं वाचतं कोण?" बाई म्हणाल्या. "नऊ पानांतल्या आठ पानांची उत्तरं कुणीच वाचत नाही. एक खोली उघडली. जमिनीपासून छतापर्यंत कुत्रा नसल्याचे दाखले. त्यातला एकही कधी कुणी उघडून पाहिलेला नाही. तो तपासनीस माझ्यासमोर अक्षरशः रडला हो. म्हणाला, 'मॅडम, मी वर्षभर नसलेली कुत्री तपासतो. असलेल्यांकडे जायला वेळच उरत नाही.' गेल्या महिन्यात तुमच्या बाजारातल्या भाजीवाल्या मामांना चावलं ते खरं कुत्रं. त्याला एकदाही लस टोचलेली नव्हती."

भाजीवाले मामा त्या वेळी अजून दवाखान्यातच होते.

"आमची शिक्षा काय?" दादांनी विचारले.

"शिक्षा करायची तर कचेरीपासून सुरुवात करावी लागेल," बाई म्हणाल्या, "आणि मी तिथंच थकेन." मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. नवा नमुना बावीस. एकच पान, नऊ प्रश्न. धुराड्याचा होता. स्वच्छ पाण्याचा होता. कामगारांच्या सुट्टीचाही होता. पुरवण्या गेल्या होत्या. "हा वाचून बघा," त्या दादांना म्हणाल्या. "आणि एखादी ओळ कशाला आहे ते कळलं नाही, तर छापू नका. मला बोलवा."

भाजीवाले मामा वाचले, पण त्यांचा उजवा हात आता पूर्वीसारखा उचलत नाही. हे मी गाळून सांगू शकले असते. पण गाळायचे काय आणि ठेवायचे काय, हे आता मला थोडे कळते.

मित्रांनो, त्यानंतर माझे काम फार कमी झाले. नऊ पानांचे एक पान झाले, म्हणजे माझे दिवस किती उरले, तुम्हीच बघा. मालकांनी कोपऱ्यात एक लहानसे विजेचे यंत्र आणले आहे. माझ्या अंगावर बहुतेक वेळ जुनी चादर असते. रूळ सुकले आहेत, फळीची बिजागरी कुरकुरते. कुणी तेल घातले तर मला हवेच आहे. पण मी रुसलेले नाही. मला वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पुरवणी अ आली तेव्हा मी खूश होते. ब आली तेव्हा मी खूश होते. क आली तेव्हा तर मालकांनी मला नवे रूळ घातले होते. माझ्या चाकाची प्रत्येक फेरी बाहेर कुणाच्या तरी हातातली कात्री किंवा पीठ काढून तिथे लेखणी देत होती, आणि मी म्हणत होते, काय सुरेख उठलंय!

नियम नकोत, असे मी म्हणत नाही. धुराड्याची ओळ मी आजही आनंदाने छापेन. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र जसे अधूनमधून उघडून, पुसून त्यातले निकामी भाग काढून टाकावे लागतात, तसेच नियमांतलेही काढावे लागतात. त्यांचीही निगा राखावी लागते. नाहीतर ते चालूच राहतात, कारण थांबायचे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

शाळेतली मुले कधी कधी मला बघायला येतात. मालक चादर काढतात, दादा ही सगळी हकीगत सांगतात आणि दर वेळी एखादी मुलगी किंवा मुलगा आ वासून विचारतो, "पण अकरा वर्षं कुणी विचारलं कसं नाही?" हा प्रश्न तुम्ही लोखंडाच्या एका जुन्या यंत्रापुढे इतक्या सहज विचारता. उद्या मोठे व्हाल, खिडकीच्या अलीकडे उभे राहाल किंवा पलीकडे बसाल. तेव्हाही विचाराल ना?